फळबागांचे खोरे सिलिकॉनचे कसे झाले?

शिक्षकाच्या मनात एक सल नेहमीच असतो. वर्गातला सर्वांत चांगला विद्यार्थी शिकतो, मोठा होतो आणि गाव सोडून जातो. त्याच्या यशाची बातमी आली की आपण ती कौतुकाने सांगतो. पण त्याचा उपयोग दुसऱ्याच कोणत्या तरी शहराला होत असतो, हेही मनात राहते. सन १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे एक प्राध्यापक याच विचाराने बेचैन होते. त्यांचे नाव फ्रेडरिक टर्मन. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात रेडिओ अभियांत्रिकी शिकवत. त्यांचे हुशार विद्यार्थी पदवी घेतली की आगगाडीत बसत आणि पाच हजार किलोमीटरवरच्या पूर्व किनाऱ्याची वाट धरत. कारण जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, बेल टेलिफोन प्रयोगशाळा अशा विजेच्या आणि रेडिओच्या सगळ्या मोठ्या संस्था तिकडेच होत्या.

स्टॅनफर्डच्या आजूबाजूला काय होते? फळबागा. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला असलेले सांता क्लारा खोरे जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार यांसाठी प्रसिद्ध होते. वसंतात सारे खोरे फुलांनी पांढरे होई, उन्हाळ्यात फळे डब्यात भरण्याचे कारखाने चालत. आज जगभर हे खोरे ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हणून ओळखले जाते. ज्यांना आपण स्टार्टअप म्हणतो अशा नव्या उद्योगांचे ते माहेर समजले जाते. अनेक देशांच्या सरकारांनी ‘आपल्याकडेही असे खोरे हवे’ म्हणून जमिनी राखून ठेवल्या, इमारती बांधल्या, करांत सवलती दिल्या. त्यांतल्या कित्येक इमारती आज सरकारी कचेऱ्यांना भाड्याने दिलेल्या दिसतात. तेव्हा मूळ खोऱ्यात नेमके काय घडले, हे थोडे तपशिलात पाहणे उपयोगाचे ठरेल.

आजारी प्राध्यापक आणि विजेचा दिवा

टर्मन यांचे वडील लुइस टर्मन हे स्टॅनफर्डमधलेच मानसशास्त्रज्ञ. बुद्धिमापनाची स्टॅनफर्ड-बिने चाचणी १९१६ साली त्यांनीच तयार केली. फ्रेडरिक यांनी १९२४ मध्ये बॉस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. तिथेच नोकरीही ठरली होती. सुट्टीसाठी ते घरी आले आणि क्षयरोगाने आजारी पडले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती आणि चांगली हवा एवढाच उपाय. वर्षभर ते अंथरुणावर होते. बरे झाल्यावर बॉस्टनच्या कडक थंडीत जाणे धोक्याचे म्हणून ते स्टॅनफर्डमध्येच अर्धवेळ शिकवू लागले. या खोऱ्याच्या इतिहासात योगायोगाचा वाटा किती आहे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवलेले बरे.

योगायोग खरा, पण जमीन अगदीच कोरी नव्हती. १९०९ साली सिरिल एल्वेल या स्टॅनफर्डच्याच पदवीधराने पालो आल्टो गावात बिनतारी संदेशांची एक कंपनी काढली होती, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पदरचे ५०० डॉलर त्यात घातले होते. ही कंपनी पुढे फेडरल टेलिग्राफ म्हणून ओळखली गेली. १९१२ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी याच कंपनीत काम करताना निर्वात नलिकेने विद्युत संकेत वर्धित करून दाखवला. आसपास हौशी रेडिओवाल्यांची आणि नलिका बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची एक पिढी त्यातून तयार झाली होती. चार्ल्स लिटन यांचे वर्कशॉप, आयटेल-मॅकलो यांचा नलिकांचा कारखाना, सॅन फ्रान्सिस्कोतील फिलो फार्न्सवर्थ यांची दूरचित्रवाणीची प्रयोगशाळा या सगळ्या जागा स्टॅनफर्डपासून गाडीने तासाभराच्या आतल्या.

टर्मन आपल्या विद्यार्थ्यांना गाडीत घालून या ठिकाणी नेत. एवढ्यासाठी त्यांची आठवण शिक्षकांनी ठेवावी असे मला वाटते. विद्यार्थ्यांना तिथे दिसत ते आपल्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, फारशा पदव्या नसलेले, भाड्याच्या शेडमध्ये स्वतः यंत्रे जुळवून माल विकणारे लोक. जे आपल्या डोळ्यांसमोर कोणी करते ते आपल्यालाही करता येईल, असे मुलांना वाटू लागले.

विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड हे टर्मन यांचे असे दोन विद्यार्थी. १९३४ मध्ये पदवी घेऊन पॅकार्ड रिवाजाप्रमाणे पूर्वेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले. टर्मन यांनी खटपट करून एक शिष्यवृत्ती उभी केली आणि १९३८ मध्ये त्यांना परत बोलावले. दरम्यान ह्युलेट यांनी प्रबंधासाठी एक दोलक, म्हणजे ऑसिलेटर, तयार केला होता. ठरावीक वारंवारतेचा स्वच्छ विद्युत संकेत निर्माण करणारे हे उपकरण ध्वनियंत्रणा तपासायला लागते. त्याची अडचण अशी की वर्धन किंचित जास्त झाले तर दोलने वाढत जाऊन संकेत विकृत होतो आणि किंचित कमी पडले तर दोलने विझतात. तोल साधायला महागडी मंडले वापरावी लागत. ह्युलेट यांनी मंडलात एक छोटा विजेचा दिवा बसवला. दोलने वाढली की दिव्यातून प्रवाह जास्त जातो, तार तापते, तिचा रोध वाढतो आणि मंडलाची रचना अशी की रोध वाढताच वर्धन कमी होते. दोलने कमी झाली की उलट. काही पैशांचा दिवा आपोआप तोल सांभाळू लागला.

हा गुणधर्म वर्गात दाखवणे सोपे आहे. २३० व्होल्ट, ६० वॉट असे लिहिलेला टंगस्टनच्या तारेचा साधा दिवा, विजेला न जोडता, मल्टिमीटरने मोजावा. रोध साठसत्तर ओहमच्या आसपास येतो. आता व्होल्टचा वर्ग भागिले वॉट हे सूत्र वापरून पेटलेल्या दिव्याचा रोध काढायला सांगावा. उत्तर सुमारे ८८० ओहम येते. विद्यार्थी आधी मल्टिमीटरला दोष देतात. चूक कोणाचीच नाही हे कळले की ह्युलेट यांच्या दिव्याची गंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

टर्मन यांच्या प्रोत्साहनाने दोघांनी पालो आल्टोतील एका घराच्या गॅरेजमध्ये ५३८ डॉलर भांडवलावर काम सुरू केले. १ जानेवारी १९३९ रोजी भागीदारी झाली. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनीसाठी आठ दोलक विकत घेतले. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा प्रारंभ तो असा झाला.

विद्यापीठाची जमीन

दुसऱ्या महायुद्धात टर्मन हार्वर्ड विद्यापीठात रडारविरोधी संशोधनाच्या मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. सरकारचा पैसा विज्ञानात कसा येतो आणि तो कोणत्या विद्यापीठांना मिळतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. स्टॅनफर्ड त्या यादीत फार खाली होते. युद्धानंतर अभियांत्रिकी शाखेचे प्रमुख म्हणून परतल्यावर त्यांनी संरक्षण खात्याची संशोधनाची कामे हिरिरीने मिळवली. सिलिकॉन व्हॅली म्हणजे सरकारच्या मदतीविना केवळ तरुणांच्या कर्तबगारीवर उभे राहिलेले नवल, अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी नाही. पहिली पंधरावीस वर्षे या खोऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकेचे सैन्य होते. १९५६ मध्ये लॉकहीड या विमान कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग सनीव्हेल गावी आला आणि खोऱ्यात सर्वांत जास्त लोकांना काम देणारा ठरला.

स्टॅनफर्डकडे जमीन भरपूर होती, सुमारे आठ हजार एकर. पण ती विकायची नाही अशी संस्थापकांची अट होती. युद्धानंतर पैशाची चणचण भासू लागल्यावर यातील काही भाग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उद्योगांना देण्याचे ठरले. १९५१ मध्ये पहिला करार झाला तो व्हेरियन असोशिएट्स या कंपनीशी. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेत क्लिस्ट्रॉन ही सूक्ष्मतरंगांची नलिका शोधली होती. तेव्हा विद्यापीठाने त्यांना प्रयोगशाळेची मुभा आणि साहित्यासाठी १०० डॉलर दिले होते. उत्पन्नात मात्र निम्मा वाटा ठेवला होता. दहा-पंधरा वर्षांनी तेच लोक भाडेकरू म्हणून दारात आले. मग ह्युलेट-पॅकार्ड आले, इतरही आले. १९५४ पासून या कंपन्यांतील अभियंत्यांना नोकरी सांभाळून स्टॅनफर्डमध्ये उच्च पदवीचे शिक्षण घेण्याची सोय झाली; दुप्पट शुल्क कंपनी भरी. दिवसा एका कंपनीत आणि दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी कंपनीतील माणसाशेजारी एकाच बाकावर, असा प्रकार सुरू झाला.

औद्योगिक वसाहतीची ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, कारण तिची नक्कल करता येते. पण वसाहतीमुळे उद्योगांना जागा मिळाली, एवढेच. पुढे जे झाले ते वेगळ्याच माणसामुळे झाले, आणि त्याने ते मुद्दाम केले नव्हते.

आठ जणांचा राजीनामा

ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले विल्यम शॉकली हे पालो आल्टोत वाढलेले. त्यांची आई तिथेच राहत होती. बेल प्रयोगशाळा सोडून स्वतःची कंपनी काढायची ठरल्यावर त्यांनी हेच खोरे निवडले. त्यांनी स्टॅनफर्डजवळ यावे असा आग्रह टर्मन यांचाही होता. १९५६ मध्ये माउंटन व्ह्यू गावात शॉकली यांची अर्धवाहक प्रयोगशाळा सुरू झाली. त्यांनी देशभरातून अत्यंत हुशार तरुण निवडून आणले. माणसे हेरण्यात शॉकली यांचा हात कोणी धरला नसता. ती सांभाळण्यात मात्र ते अपयशी ठरले. सहकाऱ्यांवर संशय घेणे, चारचौघांत अपमान करणे, कामाची दिशा सतत बदलणे यांना कंटाळून सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी एकदम राजीनामे दिले. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ हर्नी, जे लास्ट, यूजीन क्लायनर, व्हिक्टर ग्रिनिच, ज्युलियस ब्लँक आणि शेल्डन रॉबर्ट्स ही त्यांची नावे.

या आठांना कंपनी काढायची नव्हती. त्यांना सर्वांना मिळून एकाच ठिकाणी नोकरी हवी होती. क्लायनर यांनी वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधील दलाली पेढीला तसे पत्र लिहिले. तिथल्या आर्थर रॉक नावाच्या तरुणाने ते वाचले आणि उलट सुचवले की नोकरी कशाला शोधता, स्वतःचीच कंपनी काढा. रॉक यांनी तीस-पस्तीस कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. कोणीही पैसे देईना. शेवटी हवाई छायाचित्रणाचे कॅमेरे बनवणाऱ्या शेर्मन फेअरचाइल्ड यांनी सुमारे चौदा लाख डॉलर दिले. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर अशी जन्मली. १९५८ मध्ये पहिली ऑर्डर आली ती आयबीएमकडून, १०० ट्रान्झिस्टर, प्रत्येकी १५० डॉलर. तेही बॉम्बफेकी विमानातल्या संगणकासाठी.

दोनच वर्षांत या कंपनीत एक मोठा शोध लागला. त्या वेळच्या ट्रान्झिस्टरची नाजूक संधिस्थाने उघडी राहत. आवरणातला धातूचा एखादा कण त्यावर पडला की ट्रान्झिस्टर बाद. सिलिकॉन तापवताना त्यावर ऑक्साइडचा थर जमतो; तो अशुद्ध समजून धुऊन टाकला जाई. हर्नी म्हणाले, तो थर तसाच ठेवा, तोच संधिस्थानांचे रक्षण करील. १९५९ मध्ये त्यांनी हे करून दाखवले. पृष्ठभाग सपाट आणि रोधक थराने झाकलेला असल्यावर त्यावरून धातूच्या रेषा ओढून अनेक ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडता येतील, ही पुढची पायरी नॉइस यांना सुचली. एकात्मिक मंडल, म्हणजे आजची चिप, ती हीच. (टेक्सासमधील जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये वेगळ्या मार्गाने ती बनवली होती.)

आता पुढचा भाग. फेअरचाइल्ड यांच्याशी झालेल्या करारात मूळ कंपनीला ठरावीक किमतीला आठ जणांचे भाग विकत घेण्याचा हक्क होता. १९५९ मध्ये तो बजावला गेला. आठांना चांगले पैसे मिळाले, पण मालक होते ते नोकर झाले. खोऱ्यात होणारा नफा न्यूयॉर्क राज्यातल्या मुख्य कचेरीकडे जाऊन भलत्याच धंद्यांत खर्च होऊ लागला. मग माणसे बाहेर पडू लागली. १९६१ मध्ये हर्नी, लास्ट, क्लायनर, रॉबर्ट्स यांनी अमेल्को काढली. त्याच वर्षी आणखी काहींनी सिग्नेटिक्स. १९६७ मध्ये उत्पादनप्रमुख चार्ल्स स्पोर्क नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये गेले. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनीच फेअरचाइल्ड सोडून इन्टेल काढली, आणि या वेळी आर्थर रॉक यांना २५ लाख डॉलर जमवायला दारोदार हिंडावे लागले नाही. १९६९ मध्ये जेरी सँडर्स यांची एएमडी निघाली. क्लायनर १९७२ मध्ये स्वतःच नव्या कंपन्यांना भांडवल पुरवू लागले. १९६९ सालच्या सनीव्हेलमधील एका परिषदेला अर्धवाहक उद्योगातले सुमारे ४०० लोक जमले होते. त्यांतले दोन डझनही असे नव्हते, की ज्यांनी फेअरचाइल्डमध्ये कधी काम केले नव्हते, असे सांगतात. जानेवारी १९७१ मध्ये डॉन हॉफलर या पत्रकाराने आपल्या लेखमालेला ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव दिले, तेव्हा खोऱ्यात बागा अजून शिल्लक होत्या.

माणसाबरोबर काय जाते?

एवढ्या लोकांनी कंपनी सोडली ही कंपनीच्या दृष्टीने आपत्तीच. फेअरचाइल्ड त्यातून सावरली नाही. पण खोऱ्याचा विचार केला तर हिशेब उलटा होतो. चिप बनवण्याचे ज्ञान पुस्तकात फार थोडे होते. भट्टीचे तापमान किती अंशांनी चुकले तर माल वाया जातो, कोणता रसायन पुरवणारा विश्वासू, काचेच्या मुखवट्यावरची धूळ कशी ओळखायची, हे हाताला आणि डोळ्याला माहीत असते. ते माणसाबरोबरच हलते. आपल्याकडच्या तांबट आळीत वाढलेल्या मुलाला तांबे केव्हा भट्टीत घालावे हे कोणी शिकवत नाही, ठोक्याच्या आवाजावरून ते कळते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये इंग्लंडमधील एकेका धंद्याच्या गावांबद्दल हेच निरीक्षण नोंदवले होते.

सांता क्लारा खोऱ्यात या हालचालीला अडथळे कमी होते. माउंटन व्ह्यूमधील ‘वॅगन व्हील’ या उपाहारगृहात संध्याकाळी वेगवेगळ्या कंपन्यांचे अभियंते जमत आणि आपापल्या अडचणी बोलत. कायदाही अनुकूल होता. नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही, असा करार कॅलिफोर्नियात न्यायालय मानत नाही. हे कलम १८७२ सालचे आहे. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. (कंपनीची गुप्त कागदपत्रे पळवणे हा तिथेही गुन्हाच आहे, डोक्यातले ज्ञान मात्र ज्याचे त्याचे.)

नवा उद्योग अशा ठिकाणी कसा तगतो याचा नमुना म्हणून ॲपल कंपनीचे उदाहरण पाहावे. स्टीव्ह जॉब्ज बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने वारंवारता मोजण्याचे यंत्र करण्यासाठी सुटे भाग हवेत म्हणून थेट विल्यम ह्युलेट यांना घरी फोन केला. ह्युलेट यांनी भाग दिले, शिवाय उन्हाळ्यात कामही दिले. त्याचा मित्र स्टीव्ह वॉझनियाक पुढे ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होता. मार्च १९७५ मध्ये मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये हौशी संगणकवाल्यांचे मंडळ सुरू झाले. वॉझनियाकने आपल्या संगणकाची मंडले तिथेच सर्वांना वाटली. कंपनीला ती नको होती. १९७६ मध्ये ॲपल निघाली आणि १९७७ मध्ये तिला अडीच लाख डॉलरचा आधार देणारे माइक मार्कुला हे आधी फेअरचाइल्डमध्ये आणि मग इन्टेलमध्ये काम केलेले गृहस्थ. यातला एकही दुवा सरकारी योजनेत मांडता आला नसता. पण सगळे दुवे पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरात होते.

बॉस्टनची गोष्ट

हे सगळे बॉस्टनमध्ये का घडले नाही? ते घडायला हवे होते. एमआयटी आणि हार्वर्ड तिथे. १९५१ पासून खुल्या होत गेलेल्या १२८ क्रमांकाच्या रस्त्याकडेने इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहिले होते, आणि १९५० च्या दशकात हा भाग सांता क्लारा खोऱ्याच्या कितीतरी पुढे होता. नव्या उद्योगात जोखीम घेणारे भांडवलही तिथे आधी आले. जॉर्ज डोरिओ यांच्या संस्थेने १९५७ मध्ये केन ओल्सेन यांना ७०,००० डॉलर दिले. मेनार्ड गावच्या एका जुन्या लोकर गिरणीत त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, सुरू केली. मिनीसंगणकाच्या जोरावर ती एक लाखाहून अधिक लोकांची कंपनी झाली.

ॲनाली सॅक्सेनियन या संशोधिकेने दोन्ही भागांतील लोकांच्या मुलाखती घेऊन १९९४ मध्ये एक पुस्तक लिहिले. तिचे म्हणणे असे की, बॉस्टनच्या कंपन्या किल्ल्यांसारख्या होत्या. चिपपासून कपाटापर्यंत सगळे स्वतःच बनवायचे, माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, नोकरी सोडणाऱ्याला परत दारात उभे करायचे नाही. जोपर्यंत मिनीसंगणकाचा जमाना होता तोपर्यंत हे चालले. छोट्या वैयक्तिक संगणकांनी बाजार बदलला तेव्हा किल्ल्यांना वळता आले नाही. वँग कंपनीने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली.

सॅक्सेनियन यांचा निष्कर्ष मला बहुतांशी पटतो, पूर्ण नाही. डेकमधूनही माणसे फुटून १९६८ मध्ये डेटा जनरल निघालीच होती. शिवाय बॉस्टन संपले नाही. जैवतंत्रज्ञानात एमआयटीच्या परिसरातील नव्या कंपन्यांनी पुढे जगात पहिल्या रांगेत जागा मिळवली. तरी नोकरी सोडण्याबाबतचा मुद्दा तिथल्या लोकांनीही अखेर मान्य केला असे दिसते. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१८ मध्ये कायदा करून अशा बंधनांची मुदत साधारणपणे एका वर्षावर आणली.

टर्मन यांची दुसरी परीक्षा

या विषयावर बोलणारे लोक टर्मन यांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याकडे क्वचितच वळतात. खरे म्हणजे तोच भाग अधिक शिकवणारा आहे. १९६० च्या दशकात न्यूजर्सी राज्यातील उद्योगांनी, बेल प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, त्यांना बोलावले. आमच्याकडे स्टॅनफर्डसारखे काही उभे करून द्या, अशी विनंती होती. न्यूजर्सीत काय कमी होते? ट्रान्झिस्टर जिथे जन्मला ती प्रयोगशाळा तिथे, आरसीएचे संशोधन केंद्र तिथे, प्रिन्स्टन विद्यापीठ तिथे, मोठमोठ्या औषधकंपन्या तिथे. संशोधकांची संख्या सांता क्लारापेक्षा कितीतरी जास्त. टर्मन यांनी उद्योगांशी बांधलेल्या एका नव्या उच्च शिक्षणसंस्थेचा आराखडा तयार केला. तो कागदावरच राहिला. बड्या कंपन्या आपले संशोधक, आपला पैसा आणि आपली माहिती सामाईक कामात घालायला तयार झाल्या नाहीत. प्रत्येकीची प्रयोगशाळा उत्तम होती आणि प्रत्येकीला शेजारणीचा संशय होता.

दक्षिण कोरियात मात्र त्यांचा सल्ला कामी आला. १९७० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील समितीने दिलेल्या अहवालावरून १९७१ मध्ये सोलला विज्ञान-अभियांत्रिकीची उच्च शिक्षणसंस्था स्थापन झाली. आजची ‘काइस्ट’ ती हीच. त्या देशाचा अर्धवाहक उद्योग भरभराटला, पण सॅमसंगसारख्या अवाढव्य घराण्यांच्या आश्रयाने. गॅरेजमधल्या छोट्या कंपन्यांचे खोरे तिथे टर्मन यांना उभे करता आले नाही. तसे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. म्हणजे ज्यांनी हे एकदा केले त्यांनाही त्याची कृती हाती लागली होती असे म्हणवत नाही.

एक मराठी नाव

या खोऱ्याच्या इतिहासात सुहास पाटील हे मराठी नाव येते आणि ते आपल्या विषयावर चांगला प्रकाश टाकते. पाटील यांचा जन्म जमशेदपूरचा. खरगपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते एमआयटीत गेले, १९७० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवले. पुढे ते युटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. चिपचा आराखडा करण्याचे काम सोपे करणारी एक पद्धत त्यांनी शोधली होती. तिच्या बळावर १९८१ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटी येथे ‘पाटील सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. तंत्र तयार होते, विद्यापीठ पाठीशी होते. तरीही १९८४ मध्ये कंपनी सांता क्लारा खोऱ्यात हलवली गेली आणि तिचे नाव ‘सिरस लॉजिक’ झाले. तिथे धंद्यात मुरलेले व्यवस्थापक होते, भांडवल देणारे होते आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइके होती. संगणकातील हार्ड डिस्कचे नियंत्रण करणाऱ्या चिप सिरसने बनवल्या आणि डिस्क बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्याच परिसरात होत्या. सिरसने स्वतःचा चिपचा कारखाना न काढता आराखडे करून बाहेरून चिप बनवून घेण्याची वाट धरली. शेजारी तयार नसता तर हे सुचणेही कठीण होते.

पण शेजारधर्म सर्वांना सारखा मिळत नसे. भारतीय माणूस अभियंता म्हणून चालतो, कंपनीचा प्रमुख म्हणून चालत नाही, अशी तिथल्या भांडवलदारांची समजूत होती. तेव्हा १९९२ मध्ये पाटील आणि इतर काही भारतीय उपखंडातील उद्योजकांनी नव्यांना मार्गदर्शन आणि भांडवल मिळावे म्हणून ‘टाय’ ही संस्था काढली. १९९८ साली खोऱ्यातील तंत्रउद्योगांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश उद्योग भारतीय आणि चिनी वंशाचे लोक चालवत होते, असे सॅक्सेनियन यांनाच पुढच्या अभ्यासात आढळले.

जमिनीखालचे पाणी

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. चिपचा उद्योग धूर ओकणाऱ्या धुराड्यांचा नाही. म्हणून तो स्वच्छ समजला गेला. पण सिलिकॉनच्या चकत्या धुवायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखे विद्रावक लागतात आणि ते जमिनीखालच्या टाक्यांत साठवले जात. डिसेंबर १९८१ मध्ये दक्षिण सॅन होजेमध्ये फेअरचाइल्डच्याच कारखान्याची टाकी गळून जवळची पिण्याच्या पाण्याची विहीर दूषित झाल्याचे उघड झाले. शोध घेतल्यावर असे गळणारे कारखाने अनेक निघाले. फेडरल सरकारच्या अतिदूषित जागांच्या यादीत सांता क्लारा परगण्यातील २३ जागा गेल्या. अमेरिकेतल्या इतर कोणत्याही परगण्यात इतक्या नाहीत. कारखान्यांच्या दाटीमुळे जसे ज्ञान पाझरले, तसे विषही त्याच दाटीमुळे साठले. ते झेलणारे होते चकत्या हाताळणारे कामगार, ज्यांत स्थलांतरित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि आसपासच्या घरांतील लोक. यातील काही ठिकाणी पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम चार दशकांनंतरही चालूच आहे.

टर्मन १९८२ मध्ये वारले. ह्युलेट आणि पॅकार्ड यांचे गॅरेज जपून ठेवले आहे; कॅलिफोर्निया राज्याने त्याला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. सनीव्हेल नगरपालिकेनेही दहा एकरांची एक जर्दाळूची बाग राखली आहे. उन्हाळ्यात तिथे अजून फळे येतात.